धर्मन्यायाधीशाचे भाषण कापू नका

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या तालुक्यातील एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी स्नेहसंमेलनात जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘सेंट जोन’ या नाटकाचे स्वतः केलेले मराठी रूपांतर सादर केले. त्यावर आपल्या दैनिकात दोन पत्रे प्रसिद्ध झाली. फ्रान्समधल्या ख्रिस्ती संत स्त्रीचे नाटक कोकणातल्या मुलांनी कशासाठी करावे, असे एका पत्रलेखकाने विचारले, तर महाविद्यालयाच्या रंगमंचावर श्रद्धेचा विषयच नको, असे दुसऱ्याचे म्हणणे होते. या दोघांनाही उत्तर द्यावे असे माझ्या मनात होतेच. पण दरम्यान जे समजले त्यामुळे हे पत्र लिहिणे मला टाळता आले नाही. पुढच्या महिन्यात ठरलेल्या दुसऱ्या प्रयोगाला व्यवस्थापनाने परवानगी दिली आहे ती एका अटीवर. सहाव्या प्रवेशातील धर्मन्यायाधीशाचे लांबलचक भाषण आणि शेवटचा उपसंहार गाळायचा आहे. त्यामुळे प्रयोग आटोपशीर होईल आणि कोणाच्या भावना दुखावणार नाहीत, असे कारण देण्यात आले आहे. माझा विरोध या काटछाटीला आहे.

ज्यांनी प्रयोग पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. जोन ही फ्रान्सच्या पूर्व भागातील दोंरेमी गावच्या शेतकऱ्याची मुलगी. आपल्याला संतांचे आवाज ऐकू येतात आणि इंग्रजांना देशाबाहेर घालवण्याची आज्ञा ते देतात, असे ती सांगे. १४२९ च्या मे महिन्यात तिच्या नेतृत्वाखाली ऑर्लिआँ शहराचा वेढा उठला आणि जुलैत फ्रान्सचा राजा म्हणून चार्ल्सला राज्याभिषेक झाला. पुढच्याच वर्षी ती शत्रूच्या हाती सापडली, रूआँ येथे धर्मसभेपुढे तिच्यावर खटला चालला आणि ३० मे १४३१ रोजी तिला जिवंत जाळण्यात आले. तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती. पंचवीस वर्षांनी, १४५६ मध्ये, चर्चनेच तो निकाल रद्द ठरवला आणि १९२० मध्ये तिला संतपद दिले. त्यानंतर तीन वर्षांनी हे नाटक रंगभूमीवर आले.

पहिल्या पत्रलेखकाला मला इतकेच विचारायचे आहे की, संताला धर्मपीठापुढे उभे करण्याची गोष्ट आपल्याला परकी कधीपासून झाली? संन्याशाची पोरे म्हणून ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मसभेपुढे जावे लागले, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे रामेश्वरभट्ट पुढे त्यांचेच शिष्य झाले आणि त्यांनी तुकोबांची आरती लिहिली, असे आपली परंपराच सांगते. आधी जाळायचे किंवा बुडवायचे आणि मागाहून आरती करायची, हा क्रम रूआँच्या लोकांनी आपल्याकडून घेतला नाही आणि आपणही त्यांच्याकडून घेतलेला नाही. राहिला प्रश्न ख्रिस्ती विषयाचा. फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत लिहिले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा जन्म याच कोकणातल्या करजगावचा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या, आणि त्यांपैकी भीमाशंकरला व मेणवलीला टांगलेल्या घंटा आजही भाविक वाजवतात. घंटेचा हा दाखला मी मुद्दाम देत आहे, कारण जोनला तिचे आवाज चर्चच्या घंटांच्या नादातून ऐकू येत, असे नाटकात आहे, आणि विद्यार्थ्यांनी त्या प्रवेशासाठी जवळच्या देवळातली जुनी पितळी घंटा मागून आणली होती. देवस्थानच्या मंडळींनी ती आनंदाने दिली.

दुसऱ्या पत्रलेखकाचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण विद्यार्थ्यांविषयीच्या काळजीतूनच त्यांनी तो मांडला आहे. पण ज्या जिल्ह्यात कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्ररात्र दशावतार रंगतो, ज्यात वेद चोरणारा संकासूर काळ्या वेशात मालवणी बोलून लोकांना पोट धरून हसवतो आणि तरीही कोणाच्या श्रद्धेला तडा जात नाही, त्या जिल्ह्यातील मुलांना श्रद्धेचा विषय झेपणार नाही, असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? आमच्याकडे नाटक देवळाच्या अंगणातच वाढले. मुलांनी विषय जपून हाताळला की नाही, हा प्रश्न जरूर विचारावा, आणि त्याचे उत्तर प्रयोग पाहूनच द्यावे लागते.

मी तो प्रयोग पाहिला, पहिल्या घंटेपासून शेवटपर्यंत. शॉ यांनी मूळ नाटकात जोनच्या तोंडी खेडवळ वळणाची भाषा घातली आहे. हा धागा पकडून विद्यार्थ्यांनी दरबारी आणि धर्माधिकारी यांना प्रमाण मराठी दिली आणि जोनला मालवणी. ही निवड मला अत्यंत योग्य वाटली. सरदार, बिशप, विद्वान सगळे पुस्तकी भाषेत बोलत आहेत आणि त्यांच्यामध्ये ही एकटी मुलगी “माका आवाज येतत” असे साधेपणाने सांगते आहे, एवढ्यावरच तिचे एकटेपण प्रेक्षकाला कळले. त्यासाठी वेगळे पार्श्वसंगीत लागले नाही. भूमिका करणारी विद्यार्थिनी मासळीबाजारात आईला मदत करणारी आहे असे नंतर कळले. तिचा आवाज मोकळा आहे आणि तो सभागृहात मागच्या रांगेपर्यंत पोचतो.

तिसऱ्या प्रवेशात फ्रेंच सेनापती नदीकाठी पश्चिमेच्या वाऱ्याची वाट पाहत असतो, कारण तो वारा सुटल्याखेरीज त्याच्या होड्या प्रवाहाविरुद्ध वर जाऊ शकत नाहीत. जोन येते आणि वारा फिरतो. मुलांनी एका बांबूला लांब पताका लावली होती आणि विंगेतला एक मुलगा ती तंगुसाच्या दोरीने ओढत होता. पहिल्या रांगेत बसलेल्या मला ती दोरी दिव्याच्या उजेडात चमकताना दिसत होती. तरीही पताका उलट्या दिशेने फडफडली तेव्हा माझ्या मागे बसलेली, रापणीवर म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरायला जाणारी एक म्हातारी बाई हलक्या आवाजात म्हणाली, “वारो फिरलो.” त्या बाईला समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या आणि जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यातला फरक अंगावर कळतो. चमत्कार म्हणजे श्रद्धा निर्माण करणारी घटना, असे या नाटकातला आर्चबिशप सांगतो. त्याचा अर्थ मला त्या दोन शब्दांत समजला.

आणि मग खटल्याचा प्रवेश आला. जोनला सभेत प्रश्न विचारला जातो की, तू ईश्वरी कृपेत आहेस का? हा पेच आहे. ‘आहे’ म्हटले तर उद्धटपणा, ‘नाही’ म्हटले तर कबुलीजबाब. जोनने दिलेले उत्तर शॉ यांनी रचलेले नाही, ते खटल्याच्या मूळ नोंदींत आहे: मी कृपेत नसेन तर देवाने मला कृपेत घ्यावे आणि असेन तर कृपेतच ठेवावे. आमच्या विद्यार्थ्यांनी हे उत्तर गाऱ्हाण्याच्या, म्हणजे आमच्याकडे देवापुढे सर्वांच्या वतीने मोठ्याने घालतात त्या साकड्याच्या, रूपात बसवले होते. ती मुलगी दोन पावले पुढे आली, तिने हात जोडले, आणि देवळात गुरव किंवा मानकरी घालतात तशा लयीत म्हणाली, “देवा, मी तुझ्या कृपेत नसलंय तर माका कृपेत घे रे म्हाराजा, आणि असलंय तर थयच ठेव रे म्हाराजा.” त्याच क्षणी सभागृहातून, कोणीही न सांगता, पन्नास-साठ आवाज एकदम उठले: “व्हय म्हाराजा!” नाटक बघायला बसलेली माणसे त्या क्षणी जत्रेतली झाली होती. माझ्या शेजारी आमच्या शेजारीण, निवृत्त परिचारिका, बसल्या होत्या. त्या स्वतः ख्रिस्ती आहेत आणि आपल्या धर्माची टिंगल होणार नाही ना, या धास्तीने आल्या होत्या. त्यांनीही हात जोडलेले मी पाहिले.

या प्रवेशातच ते भाषण आहे, ज्यावर आता कात्री चालवायची आहे. म्हातारा धर्मन्यायाधीश इतर न्यायाधीशांना समजावतो की, पाखंडाची सुरुवात दुष्ट माणसांपासून होत नाही. ती बहुतेक वेळा सौम्य, भाविक, निर्मळ माणसांपासून होते, आणि म्हणूनच ती ओळखणे कठीण असते. तो त्यांना क्रौर्यापासून सावध करतो आणि निव्वळ दयेपासूनही. तो ओरडत नाही. ही भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याने ते भाषण खुर्चीत बसून, आजोबा नातवंडांशी बोलावे तशा स्वरात म्हटले. ते लांब आहे, हे खरे. पण ते ऐकताना मला त्या माणसाचे म्हणणे पटू लागले. माझ्यापुरते सांगायचे तर, सगळ्या प्रयोगातली सर्वांत भयंकर गोष्ट ती होती.

याचे कारण सांगण्यासाठी मला माझ्याच आयुष्यातली एक गोष्ट लिहावी लागेल. मी आजवर ती कोणाला लेखी सांगितलेली नाही.

आमच्या घराकडे गावच्या देवळाचा मान आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या गावातील एका वाडीतली बाई मानकऱ्यांपुढे आली आणि म्हणाली की, संध्याकाळी देवळात घंटा वाजते तेव्हा देवी तिच्याशी बोलते, आणि शिमग्यात पालखी तिच्या वाडीत यावी अशी देवीची इच्छा आहे. त्या वाडीत पालखी पूर्वीपासून जात नव्हती. का जात नव्हती, हे सर्वांना माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते. अंगात येणे, अवसार, या गोष्टी आमच्या गावाला नवीन नाहीत. पण अवसार कोणाला यावा, केव्हा यावा आणि त्याचे म्हणणे कोणी तपासावे, याची गावऱ्हाटीची, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या परंपरागत कारभाराची, एक रीत असते, आणि ही बाई त्या रीतीत कुठेच बसत नव्हती. मानकऱ्यांची बैठक झाली. त्यात मी सर्वांत शिकलेला, शाळेत शिकवणारा. म्हणून बोलण्याचे काम माझ्याकडे आले. मी तिला रागावलो नाही. अतिशय गोड शब्दांत, बराच वेळ, मी तिला सांगितले की तुझ्या भक्तीविषयी कोणाला शंका नाही, पण आज तुला आज्ञा झाली तर उद्या दुसऱ्या वाडीतल्या कोणाला होईल, परवा तिसऱ्याला, मग गाव एकत्र कसा राहील? सर्वांनी माना डोलावल्या. देवाला कौल लावून पाहू, असेही कोणी म्हटले नाही. मीही म्हटले नाही. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, “माका जा आयकाक येता, ता मी सांगलंय.” त्यानंतर ती देवळाच्या पायऱ्या कधी चढली नाही. संध्याकाळी घंटा वाजताना ती खाली रस्त्यावर थांबायची, तिथूनच हात जोडायची आणि जायची. काही वर्षांपूर्वी ती वारली. पालखी अजूनही त्या वाडीत जात नाही.

त्या रात्री सभागृहात म्हाताऱ्या धर्मन्यायाधीशाचे भाषण सुरू झाले आणि चार-पाच वाक्यांनंतर मला माझेच बोलणे ऐकू येऊ लागले. तोच समंजस सूर, तीच व्यवस्थेची काळजी, तोच प्रामाणिकपणा. रामायण-महाभारताच्या नाटकांत, संतांवरच्या चित्रपटांत भक्ताला छळणारा माणूस आपल्याला नेहमी कपटी, लोभी किंवा हास्यास्पद दाखवला जातो. त्याला पाहून आपण निर्धास्त घरी जातो, कारण आपण तसे नाही हे आपल्याला ठाऊक असते. शॉ यांनी ती सोय प्रेक्षकाला ठेवलेली नाही. आपल्या नाटकात खलनायक नाहीत, असे त्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट लिहिले आहे; माणसे उत्तम हेतूने जे करतात त्याची ही गोष्ट आहे. आता ते भाषण कापले तर उरेल काय? प्रश्न विचारून एका मुलीला कोंडीत पकडणारे आणि मग तिला जाळायला पाठवणारे काही क्रूर पाद्री उरतील. म्हणजे ख्रिस्ती बांधवांच्या भावना दुखावू नयेत म्हणून जी काटछाट करायची आहे, तीच त्यांच्या धर्मगुरूंना राक्षस करून टाकेल. प्रयोगानंतर आमच्या शेजारीणबाई मला म्हणाल्या होत्या की, बिशपाला राक्षस केला नाही, हे मुलांनी फार बरे केले. अट घालणाऱ्यांनी ते भाषण एकदा शांतपणे वाचावे, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

उपसंहाराचेही तेच आहे. त्यात खटल्यानंतर पंचवीस वर्षांनी राजाच्या स्वप्नात सगळे एकत्र येतात, १९२० सालचा एक गृहस्थ येऊन तिला संतपद मिळाल्याचे वाचून दाखवतो, आणि सगळे तिच्यापुढे गुडघे टेकतात. मग ती विचारते, मी पुन्हा जिवंत होऊन येऊ का? एकेक जण कारण सांगून निघून जातो. हा भाग गाळला तर चर्चने आपली चूक स्वतःच मान्य केली, हे प्रेक्षकाला कळणारच नाही. यात कोणत्या भावना वाचतात?

प्रयोग निर्दोष होता असे मी म्हणत नाही. चौथ्या प्रवेशातील इंग्रज पाद्री हशासाठी इतका वेडावाकडा केला होता की, सहाव्या प्रवेशात तीच व्यक्ती जोनला जळताना पाहून कोसळून पडते तेव्हा प्रेक्षक आधी हसले आणि मग त्यांना आपल्या हसण्याची लाज वाटली. तो हशा दिग्दर्शकाने काढून टाकावा. अग्नीसाठी लाल दिवा आणि धूर यांची गरज नव्हती; त्यापेक्षा इंग्रज सैनिकाने दोन काटक्या बांधून तिला दिलेला क्रूस नुसता हातात धरलेला दिसला असता तर पुरे होते. काही विद्यार्थ्यांचे पाठांतर कच्चे होते. पण या चुका तालमीने सुधारणाऱ्या आहेत; गाळलेले भाषण तालमीने परत येत नाही.

लांबीची सबब मला अजिबात मान्य नाही. पूर्ण नाटक साडेतीन तासांच्या आसपास चालते, आणि ते छोटे करा असा सल्ला स्वतः शॉ यांनाही मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही. आमच्या भागातले प्रेक्षक रात्री जेवून दशावताराला बसतात आणि पहाटे दहीकाला झाल्यावर उठतात. त्यांना साडेतीन तास जड होतील, ही भीती सभागृहाच्या चाव्या ज्यांच्याकडे आहेत त्यांची आहे, प्रेक्षकांची नाही. शॉ यांचे निधन १९५० चे आहे आणि आपल्या कायद्यानुसार त्यांच्या लेखनाचे स्वामित्व हक्क २०१० अखेर संपले आहेत. त्यामुळे कोणाची परवानगी किंवा शुल्क अशीही अडचण नाही.

व्यवस्थापनाने आपली अट मागे घ्यावी आणि दुसरा प्रयोग सहा प्रवेश व उपसंहार यांसह पूर्ण होऊ द्यावा, अशी माझी जाहीर विनंती आहे. ते काही कारणाने शक्य नसेल, तर आमच्या घरासमोरचे खळे मोकळे आहे. दोन-अडीचशे माणसे आरामात बसतील, वरचा मांडव आणि विजेची सोय आम्ही घरचे करू, आणि घंटेसाठी देवस्थानाकडे मी स्वतः शब्द टाकीन. शिमग्याच्या आधीची कोणतीही शनिवारची रात्र विद्यार्थ्यांनी कळवावी. आमंत्रण सर्व वाड्यांना जाईल, आणि जिथे पालखी जात नाही त्या वाडीत ते द्यायला मी स्वतः चालत जाणार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
वेंगुर्ले तालुका, जि. सिंधुदुर्ग